शार्दूलच्या खिशातला सत्यजित

मी सत्यजित निकमचा पासपोर्ट बोलतोय. माझ्या जातीला बोलायची सवय नाही. कुणीतरी आम्हाला काउंटरवर ठेवतं, कुणीतरी उघडून बघतं, शिक्का मारतं आणि परत सरकवतं. आमचं काम एकच, समोरच्या माणसाबद्दल सांगायचं की हा तोच आहे. पण गेल्या ऑक्टोबरात माझ्याकडून जे करून घेतलं गेलं, त्यानंतर मला गप्प बसवत नाही.

जन्म माझा नाशिकच्या छापखान्यातला. तिथे मी कोराच होतो. नाव मिळालं, फोटो मिळाला, तेव्हा कुठे मी कुणाचातरी झालो. फोटोत हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, अशी आमच्याकडे सक्ती असते. त्यामुळे त्या फोटोतला सत्यजित नुकताच नापास झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वर्गात पहिला येणारा मुलगा.

पोस्टाने मी विट्याला त्याच्या घरी पोचलो. वडील ड्रॉइंगचे मास्तर. त्यांनी माझं एकेक पान उजेडासमोर धरून आतली नक्षी बघितली आणि "काम चोख आहे" म्हणाले. आईने मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. धाकटी बहीण रेणू, तिने ते घाईघाईने आईच्या पदराने पुसलं, कारण डाग पडला तर व्हिसा देत नाहीत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मग मी साड्यांच्या घडीत जाऊन बसलो. इतका मान मला पुढे कुठेच मिळाला नाही.

मुंबईला व्हिसाचा शिक्का बसला आणि त्याच्या शिक्षणासाठी आम्ही दोघं अमेरिकेला आलो. विमानतळावर सत्यजितने मला इतकं घट्ट धरलं होतं, की त्याच्या घामाने माझं कव्हर ओलं झालं. सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूच्या अपार्टमेंटमध्ये पोचल्यावर मात्र मी एका ड्रॉवरमध्ये गेलो. वर मोजे, शेजारी गोडा मसाल्याची पुडी. माणसांचं असंच असतं. सीमा ओलांडेपर्यंत छातीशी धरतात आणि ओलांडली की ड्रॉवर.

त्या ड्रॉवरमध्ये माझ्या शेजारी गोळ्यांची एक बाटलीही असायची. ती शार्दूलची. शार्दूल वैशंपायन, सत्यजितचा रूममेट, पुण्याचा. आदल्या वर्षी घरून परतताना विमानात तासन्‌तास बसून त्याच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज सकाळी घ्यायची, आणि दारू बेताचीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळीची आठवण सत्यजित करायचा. दारूची आठवण करायची कुणाला गरज वाटली नाही.

शार्दूल वाईट मुलगा नव्हता, हे मला आधीच सांगू दे. सत्यजित नवीन आला तेव्हा यानेच त्याला आपली गादी दिली आणि स्वतः जमिनीवर झोपला. बँकेत खातं उघडून दिलं, बसचा पास काढून दिला, पहिल्या रविवारी पिठलं करून घातलं. सत्यजित आधीच भिडस्त. त्यात असे उपकार झाल्यावर शार्दूलला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर येईच ना.

डोंगरापलीकडे एक गाव आहे. अमेरिकेतलंच, पण घरं मुद्दाम जर्मनीतल्यासारखी बांधलेली, लाकडी सज्जे, खिडकीत फुलं. ऑक्टोबरात तिथे जर्मन पद्धतीचा बिअर फेस्टिव्हल भरतो. युनिव्हर्सिटीतल्या सीनिअर मुलांनी सांगून ठेवलं होतं, की तंबूत शिरायला वयाचा पुरावा लागतो आणि आपल्याकडचं लायसन्स तिथे चालत नाही, ओरिजिनल पासपोर्टच न्या. म्हणून शनिवारी सकाळी मला ड्रॉवरमधून काढण्यात आलं. कितीतरी महिन्यांनी मोकळी हवा मिळाली म्हणून मी खूश झालो होतो.

भाड्याची गाडी, चालवायला सत्यजित. तो पीत नाही, त्यामुळे ड्रायव्हर कोण हा प्रश्नच नव्हता. शेजारी शार्दूल, मागे त्यांच्या वर्गातली डोंबिवलीची हिमानी. घाट उतरल्यावर पेट्रोल भरायला थांबले तेव्हा तिने सहज विचारलं, "पासपोर्ट घेतलेत ना सगळ्यांनी?"

शार्दूलचा चेहरा उतरला. "शिट. माझा रिन्यूअलला दिलाय यार."

"मग तू बाहेर बस सत्यजितबरोबर, प्रेट्झेल खात," हिमानी म्हणाली.

मग शार्दूल सत्यजितकडे वळला. "तुझा दे ना. तू तर पिणारच नाहीयेस. तुझं लायसन्स तुझ्याकडे राहू दे, पासपोर्ट मी दाखवतो."

"फोटो माझा आहे त्यावर."

"दाढी तुला, दाढी मला. मी चष्मा काढतो. अरे, यांना आपण सगळे सारखेच दिसतो. आणि मी काय सोळा वर्षांचा आहे का? वय तर खरंच बसतंय. फक्त कागद तुझा."

सत्यजितने एकदा हिमानीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. मग त्याने खिशातून मला काढलं आणि शार्दूलच्या हातात दिलं. मला ओरडावंसं वाटलं, पण आम्हाला तोंड नसतं, फक्त फोटो असतो.

पुढे गाडीत जे चाललं ते बघून कुणालाही हसू आलं असतं. इंजिनिअरिंग कॉलेजात व्हायव्हाच्या आदल्या तासाला मुलं कॉरिडॉरमध्ये घोकंपट्टी करतात ना, तशी शार्दूलने माझी घोकंपट्टी केली. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. हिमानी परीक्षक. "प्लेस ऑफ बर्थ?" "विटा." "फादर्स नेम?" "जगन्नाथ निकम." तो एकदाही चुकला नाही. सत्यजितही हसत होता. "आता घरी येऊन आईच्या हातची भाकरी खा, तिला पण कळणार नाही," असं म्हणाला.

फाटकावर पिसाची टोपी घातलेल्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी मला उघडलं, जन्माचं साल बघितलं आणि शार्दूलच्या मनगटावर कागदी पट्टा चिकटवला. फोटोवर त्यांची नजर क्षणभरही थांबली नाही. "एंजॉय, हनी," म्हणाल्या. मला वाटलं होतं आता पकडले जाऊ आणि सुटू. तेवढंही माझ्या नशिबात नव्हतं.

तंबूत बाकांच्या रांगा, समोर बँड, आणि काचेचे हे एवढाले मग. शार्दूल पहिला मग संपवताना "एकच" म्हणाला होता. दुसऱ्याला काहीच म्हणाला नाही. पलीकडे कुठल्याशा ऑफिसातले लोक होते, त्यांनी याला आपल्यात ओढून घेतलं. हिमानीने आपला अर्धा मग ठेवून दिला आणि सत्यजितला सोबत म्हणून ती बाहेर खाण्याच्या रांगेत गेली. गाणं रंगात आलं तसे सगळे बाकांवर चढून झुलायला लागले. शार्दूलही चढला. तो मनापासून नाचत होता. खिशात मी वरखाली होत होतो आणि मला कळत होतं की हा मुलगा किती दिवसांनी इतका आनंदात आहे.

त्याचा पाय निसटला आणि तो मागे पडला. टेबलाची कड डोक्याला लागली. लोक हसले, त्याला उचललं, तोही हसला. मग खाली बसला, उलटी केली आणि त्याची नजर कुठेतरी भलतीकडे जायला लागली. कुणीतरी धावत जाऊन अँब्युलन्सचे लोक आणले.

त्यांच्यातल्या एका माणसाने खिशातून मला काढलं. मागे एक पोलीस उभा होता. शार्दूलने आधी पोलीस बघितला, मग त्या माणसाच्या हातातला मी. डोक्याला मार लागला की माणसाला काही साधे प्रश्न विचारतात, शुद्धीवर आहे का बघायला. नाव काय? "सत्यजित निकम." जन्मतारीख? त्याने सत्यजितची सांगितली, दिवस-महिन्यासकट. कुठे जन्मलास? "विटा." त्या माणसाने माझ्यात बघून मान डोलावली. मुलगा शुद्धीवर आहे, उत्तरं बरोबर देतोय.

मग त्याने विचारलं, काही औषधं चालू आहेत का?

शार्दूल थांबला. त्याचे ओठ हलले. त्याने पुन्हा पोलिसाकडे बघितलं आणि म्हणाला, "नो."

सत्यजितला कुठलंच औषध चालू नव्हतं. तेही उत्तर बरोबर होतं. मी त्या माणसाच्या हातमोज्यात उघडा पडलो होतो आणि माझ्या एकाही पानावर ते औषध लिहिलेलं नव्हतं. इतका निरुपयोगी मी कधीच ठरलो नव्हतो.

तिकडचं मला मागाहून कळलं: सत्यजित आणि हिमानी खाणं घेऊन तंबूच्या दाराशी आले, तर आतला बाक रिकामा दिसला. त्याने शार्दूलला फोन लावला. तो टेबलाखाली वाजला आणि एका अनोळखी बाईने उचलला. तिच्याकडून कळलं, की त्यांच्या मित्राला हॉस्पिटलमध्ये नेलंय, पण काळजीचं नाही, बोलत होता.

हॉस्पिटल लहानसं. काउंटरवरची नर्स एका प्लास्टिकच्या पिशवीतून मला काढून कॉम्प्युटरवर नाव टाकत होती, तेवढ्यात दोघं आत आले. सत्यजितने शार्दूल वैशंपायनचं नाव सांगितलं. नर्सने शोधलं. "या नावाचा पेशंट नाही आमच्याकडे."

सत्यजितची नजर तिच्या हाताकडे गेली आणि तिथे त्याला मी दिसलो. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला.

हिमानीने त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, सत्यजित निकमला भेटायचंय असं सांग. मित्र आहोत म्हण. गोळीचं पण सांगून टाक. पण नाव बदलायला जाऊ नकोस."

"का?"

"का काय? आयडेंटिटी फ्रॉड म्हणतात याला. तुझा व्हिसा जाईल, त्याचा जाईल. डिग्री राहील बाजूला."

"डोस मला पाठ नाहीये हिमानी. त्याचे सगळे रिपोर्ट त्याच्या नावावर आहेत."

"अरे, बोलत होता म्हणाली ना ती? थोड्या वेळाने सोडतील त्याला. गुपचूप घेऊन जाऊ."

"आणि नाही सोडलं तर? काही झालं तर फोन कुठे जाईल, सांग ना. विट्याला जाईल. माझी आई रडेल आणि त्याची आई पुण्यात भाजी निवडत बसलेली असेल."

हिमानीने त्याचा दंड सोडला.

सत्यजित काउंटरपाशी आला. त्याने सांगितलं, "तुमच्याकडे जो आहे तो सत्यजित निकम नाही. सत्यजित निकम मी आहे. त्याचं नाव शार्दूल, आणि तो रक्त पातळ करायची गोळी घेतो."

नर्सने मला उघडलं. फोटो बघितला, मग त्याला बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी माझा फोटो नीट बघत होतं. तिने मला काउंटरवर तसंच टाकलं आणि ती आत धावली.

डोक्यात रक्तस्राव सुरू झाला होता. दारू उतरेल म्हणून त्याला झोपू दिलं होतं, ती झोप नव्हती. हेलिकॉप्टरने त्याला डोंगरापलीकडे सिअ‍ॅटलच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गोळीचं आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, असं सत्यजितने तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उत्तर टाळलं.

पोलिसांनी माझे फोटो काढून घेतले आणि मला परत दिलं. सत्यजितच्या व्हिसाचं काय होणार ते अजून ठरायचंय. युनिव्हर्सिटीत परदेशी मुलांचं काम बघणाऱ्या बाई म्हणतात, खरं सांगितलंस हे तुझ्या बाजूने आहे, पण लिहून द्यायला कुणी तयार नाही. घरी त्याने अजून काही कळवलेलं नाही.

आता मी ड्रॉवरमध्ये नसतो. रोज सत्यजितच्या शर्टाच्या खिशात असतो, कारण वॉर्डाच्या दाराशी ओळख दाखवावी लागते. मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत येताना तो मला एकदोनदा चाचपतो.

शार्दूलची आई, शैलजाकाकू, पुण्याहून आल्या आहेत. पहिल्या दिवशी सत्यजित त्यांच्यापुढे उभा राहिला, पाया पडला आणि त्याने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, मला मागून घेतलं आणि फोटोचं पान उघडून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग सत्यजितचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला.

"नाक वेगळं, कपाळ वेगळं, डोळे वेगळे," त्या म्हणाल्या. "कुठे दिसतोस रे तू माझ्या शार्दूलसारखा? फाटकावरच्या त्या बाईला एवढंही कळलं नाही?"

सत्यजित रडायला लागला. त्यांनी मला मिटून त्याच्या खिशात परत ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेऊन गेल्या.

शार्दूलने अजून डोळे उघडलेले नाहीत. उघडतील असं डॉक्टर म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. उघडले की पहिल्यांदा त्याला त्याचं नाव विचारणार आहेत. काकू पलंगाच्या एका बाजूला बसतात, सत्यजित दुसऱ्या बाजूला, आणि मी त्याच्या छातीशी. मला मागायचा हक्क नाही, मी नुसता कागद आहे. तरी एवढं मागतो, त्या वेळी त्याने त्याचंच नाव सांगावं.