ताऱ्याचं बक्षीस

"सरकार तसंच सोडत न्हाई, पाव्हणं. काय तरी दिलं आसंलच की!" धर्माजी पुन्हा म्हणाले, तशी हिंदुरावांनी बशी खाली आदळली.

पिंपरीच्या औषध कारखान्यात फिटर असलेल्या हिंदुरावांना हे बोलणं आता ऐकवत नव्हतं. त्यांचा थोरला, ज्योतीराम, दक्षिणेतल्या वेधशाळेत नोकरीला होता. त्याला एक नवा तारा सापडल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं आणि तेव्हापासून शिफ्टवरचे सोबती पेढे मागत होते, भावकी उसने मागत होती. आज तर लेकीचे, शालनचे, ठरलेले सासरेच चाकणहून मोटारसायकल मागायला आले होते. सुपारी फुटली तेव्हा याच धर्माजींनी फक्त नारळ आणि मुलगी मागितली होती.

"त्यालाच इचारा," हिंदुराव म्हणाले.

रजेवर आलेला ज्योतीराम कोपऱ्यात बसला होता. "मला महिन्याचा पगार असतो, मामा. रात्री दुर्बिणीवर बसायचं, दिवसा आकडेमोड करायची, त्याचा. तारा सापडला तर तो कामातच धरतात."

"बढती तरी?"

"जागा रिकामी झाली तर."

धर्माजी हसले. "आमच्या शेतात हंडा घावला आन आमी म्हणलं रिकामाच व्हता, तर कोण खरं मानंल? जमत नसंल तर तसं सांगा. पोराला मंचरचं स्थळ आलंया." टोपी सारखी करून ते निघाले.

ते दिसेनासे होताच हिंदुराव मुलावर उखडले. "मी गळका पाइप शोधला तरी म्यानेजर बक्षिसी देतो. तू आभाळात शोधलंस, आन हात हालवत आलास! वर अर्ज तरी करायचास!"

"कुणाकडे करू, आबा? आमच्या साहेबांना धूमकेतू सापडला होता. ते अजून सायकलीवरच येतात."

तेवढ्यात शालन दारात आली. "आबा, त्यास्नी न्हाई म्हणून कळवा," ती म्हणाली. आवाज स्थिर होता, पण पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

दिवेलागणीला भाऊ-बहीण अंगणात उभे होते. "दादा, तुजा तारा कुठला?"

ज्योतीरामने बोट केलं. "तिथं. पण दुर्बिणीशिवाय दिसत नाही."

"दिसत बी न्हाई?" आतून हिंदुराव करवादले. ते तरातरा बाहेर आले आणि मान वर करून, मुलाच्या बोटाच्या रोखाने, त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.