मेहुण्याचे पाय

सैन्यात डिव्हिजन डिव्हिजन म्हणून जिचा एवढा गाजावाजा चालतो ती काय चीज असते, हे ऑर्विल टेगार्टला विचारावं. जनरलसाहेबांच्या नकाशावर ती निळी रेघ असते, वर्तमानपत्रात ती आगेकूच करते. ऑर्विलच्या लेखी डिव्हिजन म्हणजे पाय. ओले, सुजलेले, वास मारणारे पाय. सार्जंट म्हणून आपल्या तुकडीतल्या पायांचा जाब त्यालाच द्यावा लागायचा.

दुसरं महायुद्ध, फ्रान्सच्या पूर्वेचे ते डोंगर, नोव्हेंबरचा महिना, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. माणसं झाडांखाली खड्डे खणून बसलेली, खड्ड्यांत घोट्याच्या वर पाणी. जर्मन तोफांनी जेवढी माणसं नेली, तेवढीच बुटांतल्या पाण्यानेही नेली असतील. पाय आधी पांढरा पडायचा, मग बधिर व्हायचा, मग काळा. म्हणून वरून हुकूम आला होता, की प्रत्येकाला एक जोडीदार आणि रोज उजेड आहे तोवर एकमेकांचे पाय चोळायचे. एकाने खड्ड्याच्या काठावर पालथं पडून बंदूक रोखायची आणि समोर पाहायचं, पाय मागे जोडीदाराच्या मांडीवर. जोडीदाराने बूट काढायचे, चोळून चोळून पायांत रक्त आणायचं आणि जेवणाच्या डब्यांबरोबर वर आलेले कोरडे मोजे चढवायचे. मग अदलाबदल. कोणाचे पाय गेले की आधी धारेवर धरायचे ते जोडीदाराला.

ऑर्विलचा जोडीदार होता वेन्डेल नायक्विस्ट, त्याच्या बायकोचा, म्हणजे एल्वाचा, धाकटा भाऊ. त्यांची ही सैन्यातली कंपनी मुळात अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्यांच्या गावचीच. शांततेच्या दिवसांत दर सोमवारी गावच्या हॉलात कवायत करायची, भत्ता खिशात घालायचा आणि बिअर प्यायला जायचं, एवढंच त्यांचं सैनिकपण. मग युद्ध आलं आणि सगळ्यांना तसंच उचलून समुद्रापार नेलं. एका गावची पोरं एकाच कंपनीत घालायची ही अक्कल कोणाची, देव जाणे. इटलीतल्या एका नदीवर एका सकाळी निम्मी कंपनी कापली गेली. वेन्डेलचा थोरला भाऊ कार्ल त्यातच गेला. आता गावचे म्हणून हे दोघेच उरले होते. बाकी सगळी नवी भरती, आणि त्यांची नावं पाठ करायच्या भानगडीत ऑर्विल पडत नसे.

"हा वास तुझ्या लोण्याच्या कारखान्यात सुटला असता ना, तर मालकाने टाळं लावलं असतं," वेन्डेलचे मोजे ओढून काढत ऑर्विल म्हणायचा.

"मालक वासानेच पगार ठरवायचा," काठावरून वेन्डेल म्हणायचा. "तुझा वास घेऊन तुला फुकट राबवलं असतं."

एवढीच काय ती करमणूक. बाकी डब्यातलं गार मांस, गार कॉफी आणि समोरचं ते उघडं टेकाड.

त्या टेकाडावर चढायचंय, अशी कुणकुण ऑर्विलला लागली. कुणकुण कसली, नव्या लेफ्टनंटनेच सांगितलं. आडोशाला एक झुडूप नाही आणि वर मशीनगना. सासूबाईंना आता हा एकच मुलगा राहिला होता. एल्वाने स्टेशनवर नवऱ्याला मिठी मारताना "वेन्डेलला घेऊन ये" एवढंच म्हटलं होतं. तू ये, असं म्हणायचं तिला सुचलंच नव्हतं. ऑर्विलला तेव्हा वाईट वाटलं होतं, मागून नाही.

त्याच दुपारी वेन्डेलचे पाय मांडीवर घेताना त्याला दिसलं, की बोटं पांढरी पडलीत. अजून वेळ होता, नीट चोळली असती तर आली असती ठिकाणावर.

"बधिर वाटतायत रे," वेन्डेल समोर पाहत म्हणाला.

"सगळ्यांचेच बधिर आहेत. ठणठणीत आहेत तुझे."

आणि ऑर्विलने हात आखडला. वरवर दोनदा फिरवला, कोरडे मोजे स्वतःच्या शर्टाच्या आत पोटाशी सरकवले आणि ओलेच पुन्हा चढवले. बधिर पायांना काय कळणार? मग तो पालथा पडला आणि वेन्डेलने त्याचे पाय घेतले. वेन्डेल चोळायचा ते जीव लावून. पायात रक्त उतरून आग व्हायला लागली तेव्हा ऑर्विलला समोरचं टेकाड दिसेना. रोज असंच चाललं. रोज तो "ठणठणीत" म्हणायचा, आणि रोज त्याला स्वतःची शिसारी यायची.

एका सकाळी वेन्डेल उठायला गेला आणि पडला. त्याला हसू आलं, पुन्हा उठायला गेला, पुन्हा पडला.

जखमींचं मदत केंद्र खालच्या एका गोठ्यात होतं. दुपारी लेफ्टनंटची परवानगी काढून ऑर्विल तिथे पोचला. वेन्डेल स्ट्रेचरवर होता, पाय उघडेच ठेवलेले, निळेकाळे. डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांत झोप मावत नव्हती.

"उजव्या पायाची बोटं जाणार," ते म्हणाले. "डावा बघू. लढाई संपली याची, घरी जाईल. याचा जोडीदार कोण होता? हा म्हणतोय, मीच आळस केला, जोडीदाराला पायांना हात लावू दिला नाही. तसं असेल तर पाय मुद्दाम घालवले म्हणून लष्करी कोर्टात उभं करतील याला."

"खोटं बोलतोय तो," ऑर्विल म्हणाला. "जोडीदार मी. मोजे मीच दिले नाहीत. जाणूनबुजून."

त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"सार्जंट, असे पाय गोठाभर पडलेत. उद्या तुम्ही टेकाडावर चढणार, परवा मला हात मोकळे लागणार. दारातून बाजूला व्हा, उजेड येऊ द्या." आणि ते पुढच्या स्ट्रेचरकडे गेले.

वेन्डेल छताकडे पाहत होता. त्याने ऐकलं होतं.

"मी तुला वाचवत होतो," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या हातून राहून गेलं. दमला असशील."

ऑर्विल खाली बसला. "तुझ्या आईला दुसरा कोण आहे?"

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"नाहीच म्हणालो असतो." वेन्डेलच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "पाय माझे होते, ऑर्विल. मी रोज तुला विचारत होतो."

मेहुणा जिवंत घरी चालला होता. ऑर्विलला त्याचा आनंद होत होता, आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याने शर्टात हात घालून मोज्यांची एक कोरडी जोडी काढली आणि स्ट्रेचरवर ठेवली. वेन्डेलने ती ढकलून दिली नाही, उचललीही नाही.

बाहेर गाडी लागली. दोघा जणांनी स्ट्रेचर उचलला. ऑर्विल चिखलातून बाजूबाजूने चालत राहिला.

"उद्यापासून तुझे पाय कोण चोळणार?" वेन्डेलने विचारलं.

"मिळेल कोणीतरी. नवी पोरं आलीत."

स्ट्रेचर गाडीत सरकला. दार लावायच्या आधी वेन्डेलने मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"खरं सांगणारा बघ," तो म्हणाला.