कणगीवरची लेकुरवाळी

पाहुण्यानं पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि देव्हाऱ्याकडं टक लावून बसला, तेव्हाच गिरजाबाईच्या मनातनं तो उतरला. डोंगरातल्या दिग्गी गावापर्यंतची चढण चढून आलेला माणूस आधी पाणी पितो. ह्यानं घाम पुसला नाही, घरात कोण-कोण असतं ते विचारलं नाही. "कुठं आहे?" एवढंच.

त्याला आणला होता तिच्या भाच्यानं, गुरुदासनं. तो गणेशगुडीच्या एका लॉजवर कामाला. देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या नाण्याचा मोबाइलवर फोटो काढून, आत्याला न विचारता, त्यानं लॉजवर उतरलेल्या ह्या बेळगावच्या शिवानंदला दाखवला होता.

"आत्ये, साहेब नुस्तं ओळखून सांगणार. घेणार न्हाईत."

"मी इकायला काडलंय म्हणून कुणी सांगितलं त्येला?"

नाणं बोटाच्या पेराएवढं. सासूच्या सासूला शेताचा बांध घालताना सापडलेलं. एका अंगाला टोप घातलेली बाई, दुसऱ्या अंगाला दोन पोरांना पाजणारं जनावर. घरात त्याला लेकुरवाळी म्हणत. सुगी झाली की बियाण्याच्या भाताची कणगी भरायची, तिचं तोंड वारुळाच्या मातीनं लिंपायचं आणि ओल्या मातीवर लेकुरवाळीचा ठसा उठवायचा. तो मोडायचा थेट पेरणीला, तोही गिरजाबाईनंच. मधे कुणी हात घातला तर लगेच कळायचं.

शिवानंदनं भिंग लावलं. "रोमचं नाणं, मावशी. सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचं. त्या शहराच्या गौरवासाठी पाडलेलं. ही लांडगीण. वर दोन चांदण्या, खाली टाकसाळीची अक्षरं. अशी पुष्कळ मिळतात."

"लांडगीण आसू दे न्हाईतर तुज्या गावची म्हस. पोरं दोन हाईत न्हवं?"

"इथं उजेड कमी आहे," म्हणत तो अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. गिरजाबाई उंबऱ्यावर आली तसा झटकन वळला. नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. आत येऊन बसला, आणि आता मात्र त्याला तहान लागली. तांब्या एका दमात रिकामा.

"त्या चांदण्यांच्या मधी काय आसतंय रे?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"काही नाही. सगळ्यांवर सारखंच असतं."

गिरजाबाई पडवीतल्या कणगीपाशी गेली. यंदाचा ठसा वाळून खडखडीत झाला होता. तिनं नाणं ठशात बसवलं. ते बसेना, डुगडुगलं. डोळे बारीक करून पाहिलं. मातीत दोन चांदण्या आणि त्यांच्या मधे चुंबळीसारखं चिमुकलं कडं. हातातल्या नाण्यावर मधली जागा कोरी.

"गुरुदास, हिकडं ये. तुजं डोळं तरणं हाईत. बघ."

गुरुदासनं दोनदा पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "साहेब, खिसा दावा."

"अरे, माझ्याजवळही तसंच एक होतं. चुकून अदलाबदल झाली असेल..."

शर्टाच्या खिशातनं कागदाची पुडी निघाली, नीट घड्या घातलेली. आत लेकुरवाळी. गिरजाबाईनं ती ठशावर ठेवली. चपखल बसली.

"तुजं मागनं बघते," ती भाच्याला म्हणाली. मग दुसरं नाणं तिनं शिवानंदच्या हातावर टाकलं.

"ओळखाय येतंय तुला, ते खरं. म्हणून तर चुकून म्हणू नगो. चोर हायस तू. पाणी पिलास ते पिलास, आता ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. चल, ऊठ."