लोखंडातलं बेलपान

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत आग गड्यांची आणि वाळू बायकांची. पंपाचा लोखंडी भाग आतून पोकळ हवा असला, की साच्यात आधी वाळूचा गोळा बसवायचा, भोवतीनं लोखंडाचा रस ओतायचा आणि थंड झाल्यावर वाळू फोडून काढायची. मागं उरते ती पोकळी. त्या वाळूच्या गोळ्याला कोर म्हणतात. निर्मलानं दहा वर्षं कोर केले.

वाळू धरून राहावी म्हणून तीत साखर कारखान्यातली मळी मिसळत. त्यामुळं कोर शॉपला गुऱ्हाळासारखा वास यायचा, आणि घरी दोरीवर टाकलेल्या लुगड्याच्या पदराला रात्रीतून मुंग्या लागायच्या. बायका वाळू मळता मळता गायच्या:

वाळू मळते मळते, कणकीवाणी मऊ झाली,
माझ्या हाताच्या उबेनं, लोखंडाला कूस आली.

कोर भट्टीत भाजायला घालायच्या आधी प्रत्येक बाई त्यावर आपली खूण करायची. नव्या चुलीवर हाताचा ठसा उठवावा, तशी. तडकू नको बाबा, नीट भाजून ये, एवढंच त्यात मागणं. निर्मला तीन नखं जवळजवळ दाबून बेलाचं पान काढी. त्याच फळीवर तिच्या शेजारी बसणारी शमशाद एकच नख आडवं दाबून चंद्रकोर काढी. सुपरवायझर ओरडायचा, "माल खराब करताय काय गं? मेंदी काढायची जागा हाय व्हय ही?" मग बायका खूण करायच्या, पण कुणाच्या नजरेला येणार नाही अशा कोपऱ्यात.

फाउंड्रीत ब्रेक म्हणून एक प्रकार होता. चार-पाच महिने काम झालं की दोन महिने घरी बसायचं, मग परत नाव लावायचं. पण मुकादम सयाजी भला माणूस. ब्रेक आला की तो निर्मलाला बाजूला घेऊन म्हणायचा, "घरी बसून काय करणार वैनी? उद्यापासनं सासूच्या नावानं ये. मस्टरवर बसव्वा लावतो. पण बोलू नका कुणाला, माझी नोकरी जाईल." कधी बसव्वा, कधी गारगोटीच्या जावेचं नाव, शालूबाई. हजेरीचं मस्टर सयाजीच्या काखेत असायचं, बायकांनी ते लांबूनच बघितलेलं. निर्मलाला वाटायचं, केवढे उपकार! दर बेंदराच्या सणाला ती सयाजीच्या घरी पुरणपोळ्यांचा डबा पोचवायची.

अठ्ठ्याण्णव साली कोर करायचं मशीन आलं. शमशाद वयानं लहान, हाताला चपळ, तिला मशीनवर घेतलं. निर्मलाला फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं, "उद्यापासनं येऊ नका." नोटीस नाही, कारण नाही. दहा वर्षांचा डबा हातात घेऊन ती मंगळवार पेठेतल्या आपल्या खोलीवर चालत आली.

कामगारांच्या केसेस बघणारा वीरेश नावाचा एक तरुण वकील होता. बिंदू चौकातल्या त्याच्या ऑफिसात दोन खुर्च्या आणि फायलींचा ढीग. त्यानं समजावलं, "मावशी, वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं असलं की कायद्यानं असं फाटकावरनं हाकलता येत नाही. नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. ते काहीच केलेलं नाही. आपण परत कामावर घ्या म्हणून भांडू."

पण एक घोटाळा होऊन बसला होता. वकिलाकडं यायच्या आधी निर्मला एकटीच सरकारी कामगार ऑफिसात जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, ब्रेकच्या महिन्यांत तुम्ही कुठं होता? निर्मलाच्या डोळ्यांपुढं सयाजी उभा राहिला. ती म्हणाली, "घरी होते." साहेबांनी लिहून घेतलं, खाली तिनं सही केली.

वीरेशनं तो कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. "मावशी, ह्यानं एकाही वर्षात दोनशे चाळीस भरत नाहीत की हो! कामावर होता काय नव्हता?"

"होते. पण शब्द दिलता."

"कुणाला?"

"सयाजीला. त्याची नोकरी जाईल म्हणाला."

"आणि तुमची गेली ती?" वीरेशनं कागद बाजूला ठेवला. मग हळू म्हणाला, "मावशी, त्यानं तुमच्यावर उपकार नाही केले. एका नावावर दिवस भरू नयेत म्हणून मालकानं त्याला सांगितलेलं काम होतं ते."

त्या दिवशी निर्मलाला जेवण गेलं नाही. नोकरी गेल्याचं दुःख एक होतं, पण आपण ज्याला देवमाणूस मानलं त्यानं आपल्याला तीन बायकांत वाटून टाकलं, हे दुःख निराळंच होतं.

कंपनीनं कोर्टात सांगितलं, बसव्वा आणि शालूबाई ह्या वेगळ्या बायका. बसव्वा तोवर वारलेली. शालूबाई यायला तयार होती, पण वीरेश म्हणाला, नात्यातली साक्ष हलकी पडते. तारखा पडत राहिल्या. निर्मला लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या आषाढात ती हातकणंगल्याजवळच्या माहेरी गेली होती. पाऊसकाळ, विहिरीवरचे पंप बंद. तिच्या थोरल्या भावानं, रुद्राप्पानं, पंप धुवायला काढला होता. बेअरिंगची लोखंडी पेटी उघडून पालथी घातलेली, आतलं काळं तेल पोतेऱ्यानं पुसायचं काम चाललेलं.

"निर्मला, इकडं ये बघू," रुद्राप्पा म्हणाला. "ह्या पेटीच्या आत काय चिकटलंय, निघंना झालंय."

तिनं हात आत घातला. बोटांना तीन पाकळ्या लागल्या. उठावाच्या, गार, तेलानं बुळबुळीत. वाळूत दाबलेलं नख लोखंडात वर उठून आलं होतं. ती बोटं तिथनं काढीनाच.

"काय गं? विंचू-बिंचू हाय काय?"

"आण्णा, ते काढू नगंस," ती म्हणाली. "ते मी हाय."

पेटीच्या बाहेरच्या अंगाला ओतलेले आकडे होते. ११, आणि आडव्या रेघेपुढं ९४. माल कोणत्या महिन्याचा ते कळावं म्हणून फाउंड्रीच साच्यात ते आकडे बसवायची. चौऱ्याण्णवची दिवाळी झाल्यावर निर्मलाला ब्रेक होता. मस्टरवर त्या महिन्यात बसव्वा कामाला होती.

रुद्राप्पा माणूस बोलायला फटकळ, पण बहिणीसाठी जीव टाकणारा. तो गावोगाव हिंडला. त्याच कंपनीचा पंप दिसला की, "पावणं, जरा पेटी उघडून दावा की." लोक हसायचे. "का रं, आत तुझं सोनं पुरलंय?" पण गोष्ट कळल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. कोण कुठली निर्मला, तिला ना बघितलेलं ना ऐकलेलं. एका म्हाताऱ्यानं तर पाना स्वतःच हातात घेतला, "कोर्टाचं काम झालं की आणून दे. न्हाय दिलीस तर दिवाळीला उसाला पाणी पाजाय तुलाच बोलावतो." चाळीसेक पेट्या बघितल्यावर घरची धरून चार सापडल्या, सगळ्या बेलपानाच्या आणि ब्रेकच्या महिन्यांतल्या.

त्या दोन पोत्यांत घालून बहीण-भाऊ एसटीत चढले. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला.

"काय हाय ह्यात?"

"साक्षीदार हायेत," रुद्राप्पा म्हणाला.

"साक्षीदार लई जड हायेत की तुमचे! लगेजचं तिकीट फाडावं लागंल."

फाडलं त्यानं. पण कोल्हापूर स्टँडवर एक पोतं त्यानंच खांद्यावर घेऊन खाली उतरवलं. निर्मलाला तो कंडक्टर जन्मभर आठवत राहिला.

लेबर कोर्टात चार पेट्या टेबलावर मांडल्या. जज्जसाहेबांनी बॅटरी लावून एकेकीच्या आत बघितलं. मग चष्मा काढून निर्मलाला विचारलं, "बाई, तुम्ही आधी घरी होते असं लिहून दिलंत. मग आता हे कसं?"

"साहेब, ज्यानं काम दिलं त्याच्या भाकरीवर पाय कसा द्यायचा? म्हणून खोटं बोलले. माझं चुकलं."

मागच्या बाकावर कंपनीचा साक्षीदार म्हणून आलेला सयाजी मान खाली घालून बसला होता.

कंपनीचे वकील उठले. "साहेब, तीन बोटं कुणालाही असतात. हे ह्याच बाईंचं काम, हे कशावरून?"

वीरेशकडं त्याला उत्तर होतं, शमशादची साक्ष; पण ती मागायची निर्मलाची तयारी नव्हती. शमशादचा नवरा चमन रिक्षा चालवायचा; अपघातात त्याचा पाय मोडलेला, घर सगळं शमशादच्या पगारावर. तिला कंपनीविरुद्ध उभं करायचं म्हणजे तिच्या चुलीत पाणी ओतायचं. निर्मलानं वीरेशला बजावलं होतं, शमशादचं नाव काढायचं नाही.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या दारात शमशाद उभी. पहिली पाळी करून तशीच आलेली, भुवयांवर वाळू.

"अगं तू कशाला आलीस?" निर्मला कळवळली. "जा बघू परत."

"जा म्हणं! रिक्षाला पैसे घातलेत मी," शमशाद म्हणाली. "तुझा आण्णा घरी येऊन समदं सांगून गेला. तू सांगितलं न्हाईस. तुझ्याशी मागनं भांडते."

शमशाद साक्षीला उभी राहिली. मग तिनं तिसरी पेटी पुढं ओढली आणि ती फाउंड्रीत बोलायची तशी बोलू लागली.

"साहेब, मोठा कोर एका बाईच्यानं होत न्हाय. दोघी दोन अर्धे करतात आणि चिकटवतात. ह्यात उजवीकडं बॅटरी मारा. बेलाचं पान हाय न्हवं? आता डावीकडं मारा. तो चंद्र माझा."

साहेबांनी बॅटरी फिरवली.

"त्या महिन्यात मला ब्रेक नव्हता. कंपनीच्या मस्टरवर माझं नाव हाय, शमशाद चमन मुल्ला, बघून घ्या. मग मी कुणासंगं कोर चिकटवला ते मला ठाऊक असंल का वकीलसाहेबांना? माझ्या फळीवर बसव्वा कधी बसली न्हाय. निर्मलाक्काच होती. दहा वर्षं तिच्या डब्यातली शेंगादाण्याची चटणी खाल्लीय मी."

कंपनीच्या वकिलांनी मस्टर उघडलं, मिटलं आणि ते खाली बसले.

निर्मलाला रडू आलं ते केस जिंकणार म्हणून नव्हे. दहा वर्षं तिनं चुकीच्या दारात डबे पोचवले होते, आणि जिच्या दारात एक पोळीही नेली नव्हती ती शेजारीण स्वतःची भाकरी पणाला लावून उभी होती.

कंपनी शमशादला काढू शकली नाही, पण दुसऱ्याच दिवशी मशीनवरून उचलून तिला बाहेरच्या वाळूच्या ढिगावर टाकलं. उन्हात वाळू चाळायची, घमेली वाहायची. दीड वर्ष तिनं ते केलं. निर्मला भेटायला गेली की म्हणायची, "बरं हाय की, रंग उजळाय लागलाय माझा."

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत निकाल लागला. निर्मलाची नोकरी सलग धरून तिला तिच्याच नावानं कामावर परत घ्यावं. कंपनीनं वरच्या कोर्टात जायची धमकी दिली, मग गेली नाही. कागद घेऊन निर्मला आधी हातकणंगल्याला गेली, त्या तीन शेतकऱ्यांच्या दारी. पेट्या रुद्राप्पानं कधीच परत बसवून दिल्या होत्या. तरी तिनं प्रत्येक विहिरीवर जाऊन नारळ दिला. "अगं, आम्ही काय केलं?" म्हणून ते लाजले. पाना हातात घेणाऱ्या म्हाताऱ्यानं नारळ तिथंच फोडून अर्धा तिच्या ओटीत घातला.

मग ती शमशादच्या घरी आली आणि वाकू लागली, तशी शमशाद मागं सरकली.

"ए, पाया कुणाच्या पडतीस? वयानं मोठी हायेस. पाप देतीस होय मला? चमन, हिला च्या दे."

कामाच्या पहिल्या दिवशी नव्या सुपरवायझरनं मस्टर पुढं सरकवलं. निर्मलानं सही केली. तो म्हणाला, "मावशी, कोर शॉपला जावा."

ती कोर शॉपवरून पुढं गेली, मागच्या आवारात. शमशाद उभ्या चाळणीवर फावड्यानं वाळू फेकत होती, एकटीच.

"तुला फळी मिळाली न्हवं?" शमशाद ओरडली. "जा की तिकडं, पहिल्याच दिवशी बोलणी खाशील."

"जाते. हे घे आधी." निर्मलानं ब्लाऊजमधून चार घड्यांचा कागद काढला. "वकिलाकडनं लिहून आणलाय. साक्ष दिली म्हणून कामगाराला असं उन्हात टाकता येत न्हाय, त्याचीबी तक्रार करता येती म्हणं. तू बोललीच न्हाईस कधी."

शमशादनं फावडं टेकवलं. कागद उलटासुलटा बघितला. "परत तारखा, परत कोर्ट. आणि ह्याला साक्षीदार कुठनं आणायचा गं?"

"मी हाय की," निर्मला म्हणाली. "सही कर बघू, भोंगा व्हायचाय."

शमशादनं दोन्ही हात पदराला पुसले आणि पेन मागितलं.