फ्रिजमधलं तीर्थ

भवानीआत्यांना मनात एक आणि ओठावर एक हे कधी जमलंच नाही. जन्म गेला मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात. टीप वाकडी दिसली की "उसव!" म्हणायचं, एवढंच ठाऊक. त्यामुळे भाची श्रीविद्या त्रिचीहून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. होऊन कुंभकोणमला परत आली, तेव्हा सगळं घर मैसूरपाक खात असताना आत्यांनी विचारलंच, "ते बरं झालं गे, पण आतां ह्याचं करायचं काय?"

विद्यानं सांगितलं. तिच्या वर्गातली लावण्या तिरुप्पूरला, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी साफ करतात तिथं लागली होती. शशांक कोडियक्करैच्या खाजणात पक्ष्यांची गणती करत होता. काहीजण चेन्नईत बसून, नवा रस्ता झाला तर कुणाचं शेत नि कुठला ओढा जाईल याचे अहवाल लिहीत होते.

"म्हणजे एकीनं गटार बघायचं आणि एकानं कावळे मोजायचे," आत्या म्हणाल्या. "छान! ह्यासाठी बापानं शिकवलं."

आत्यांचं मत सरळ होतं. मुलीनं बँकेची परीक्षा द्यावी. भाऊ रविशंकर बँकेतूनच निवृत्त झालेला, घर कसं सुखात चाललेलं. रोज सकाळी कॉफीबरोबर त्या हेच दळण दळायच्या. शेवटी रविशंकर वैतागला आणि म्हणाला, "मासी महिना संपेपर्यंत विद्याला पक्की नोकरी लागली तर ठीक. नाहीतर बँकेचा क्लास." आत्यांनी त्या दिवशी आणखी पेलाभर कॉफी घेतली.

विद्या तेव्हा गावातल्याच एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत उमेदवारी करत होती. मासी हा माघ-फाल्गुनातला तमिळ महिना, त्यातल्या मासी मघाच्या दिवशी देवळांच्या तळ्यांवर स्नानाला ही गर्दी लोटते. गर्दीच्या आधी पाणी कसं होतं, गर्दीत कसं झालं आणि नंतर कसं राहिलं, हे बघायचं काम प्रयोगशाळेला मिळालं होतं. मालक महालिंग यांनी ते विद्यावर सोपवलं आणि सांगून टाकलं की हे नीट पार पडलं तर नोकरी पक्की.

उत्सवाच्या आदल्या दिवशी रविशंकर आणि त्याची बायको थोरल्या गरोदर लेकीला घेऊन तिरुक्करुगावूरला देवीच्या दर्शनाला गेले. घरात आत्या आणि विद्या दोघीच. आत्यांचे गुडघे यंदा पार रुसले होते, तळ्यावर जाणं शक्य नव्हतं. विद्या स्कूटर काढत होती तेव्हा त्या म्हणाल्या, "येताना थोडं तीर्थ आणशील काय गे? देवांना तरी स्नान घालते." विद्या हेल्मेटच्या आतून "बघते" म्हणाली आणि गेली. ती ऐकते थोडीच, असं म्हणून आत्यांनी विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यांनी दुधासाठी फ्रिज उघडला, तर दह्याच्या भांड्यामागे बाटल्यांचा खोका. प्रत्येक बाटलीवर विद्याच्या अक्षरात तमिळमध्ये तळ्याचं नाव: महामहम, पोट्रामरै, तिरुवलंचुळी. आत्या तशाच उभ्या राहिल्या. डोळे भरूनच आले हो त्यांचे. कधी देवापुढे हात न जोडणारी पोर म्हाताऱ्या आत्यासाठी इतकी तळी फिरली आणि तोंडानं एक शब्द बोलली नाही!

मग काय विचारता. आत्यांनी सगळ्या बाटल्या तांब्याच्या घंगाळात ओतल्या. राम, खंडोबा, तुळजाभवानी, पूर्वजांनी महाराष्ट्रातून आणलेले सगळे टाक न्हाऊन निघाले. स्वतः ओंजळभर प्यायल्या. शेजारच्या पांडुरंगरावांच्या घरी वाटी पाठवली, तिथून ती गल्लीभर गेली. रिकाम्या बाटल्या साबणानं धुऊन त्यांनी ओट्यावर पालथ्या घातल्या.

विद्या आंघोळ करून आली आणि ओट्याकडे बघून पांढरी पडली.

"आत्या, ह्यातलं पाणी?"

"देवांना घातलं. काय पुण्य लागेल गे तुला!"

"ते तपासायचं पाणी होतं! तू प्यायलीस? अय्यो आत्या, ते पिण्यासारखं आहे की नाही हेच तर शोधायचं होतं!"

"मग जा, परत घेऊन ये."

विद्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. रस्त्यावरून ओल्या कपड्यांतली माणसं परतत होती, कोरडी माणसं तळ्याकडे चालली होती. गर्दीच्या आधीचं पाणी आता पुढच्या वर्षापर्यंत कुणाला मिळणार नव्हतं. आत्यांना ते कळायला थोडा वेळ लागला.

"नळाचं भर," त्या पुटपुटल्या. "पाणी ते पाणी. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," विद्या म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तू मुद्दाम केलंस. बँक हवी होती ना तुला? घे, मिळाली."

खोटं तरी काय होतं त्यात? हेच तर आत्यांना हवं होतं. काल कुणी म्हटलं असतं की विद्याची ती नोकरी हुकली, तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली असती. आणि आज ती हुकली, तर त्यांना एकच डाचत होतं. पोरीनं आपल्याला इतकं नीच समजावं! विद्या स्कूटर घेऊन निघून गेली. आत्यांनी देव तसेच ओले सोडले, रिक्षा बोलावली आणि गुडघे दाबत तिच्या मागोमाग प्रयोगशाळा गाठली.

दाराशी पोचल्या तेव्हा आत विद्या तमिळमध्ये सांगत होती, "सर, आधीचे नमुने गेले. चूक माझी. यायला रात्र झाली म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि घरात कुणाला सांगितलं नाही." आत्यांचं नाव काही तिनं घेतलं नाही. त्या बाहेरच्या बाहेर परतल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं.

"अर्धंच सांगते आहे ती," आत्या आत शिरून म्हणाल्या. "पाणी मी ओतलं. देवांना घातलं आणि उरलेलं प्यायले."

महालिंगांनी चष्मा काढला. "तुम्ही एकट्याच प्यायलात?"

"गल्ली प्यायली."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. "कुणाचं पोट बिघडलं तर कळवा," ते म्हणाले. मग विद्याकडे वळले. "अहवालात आधीची जागा रिकामी राहील आणि ती का रिकामी आहे तेही लिहायचं. आता गर्दीतलं पाणी घेऊन या. पण नमुना सांभाळणं हे निम्मं काम आहे, विद्या. ह्या महिन्यात मी तुम्हाला पक्कं करू शकत नाही. आणखी काही महिने बघू."

म्हणजे संपलंच. मासी महिना तर सरत आला होता. विद्या नव्या बाटल्या घेऊन बाहेर आली आणि खोका स्कूटरला बांधू लागली. आत्यांनी पायरीवर बसून भावाला फोन लावला.

"रवी, बँकेचा क्लास राहू दे. विद्याला अजून वेळ हवा."

"अक्का, तूच ना वर्षभर माझं डोकं खाल्लंस?"

"खाल्लं. आतां मीच सांगते, सोड."

"नोकरी लागली काय तिला?"

"नाही. माझ्यामुळे गेली." आत्यांनी सगळं सांगितलं, टाकांपासून पांडुरंगरावांच्या वाटीपर्यंत. "नळाचं पाणी भरून दिलं असतं तर आज पक्की झाली असती रे. मी सांगितलं तिला तसं कर म्हणून. मी! जन्मभर पोरींना टाके उसवायला लावणारी! तिनं नाही केलं. वर माझं नावसुद्धा घेतलं नाही." त्यांचा आवाज फाटला. "असं कर, हवं तर मला घराबाहेर काढ, पण तिला ह्या कामातून काढू नकोस."

पलीकडून रविशंकर म्हणाला, "बरं अक्का. रडू नकोस. राहू दे क्लास."

आत्यांनी फोन ठेवला आणि पदरानं नाक पुसलं. समोर विद्या उभी होती. खोक्याची बांधलेली दोरी तिनं सोडली होती.

"चल आत्या, मागं बस," ती म्हणाली. "रस्ता खराब आहे. बाटल्या तू मांडीवर धर."