गळ्यातून उतरलेली करडगी

मित्रांनो, माझी चांदी काळवंडली आहे म्हणून मला ओळखायला चुकू नका. मी एक जुनी करडगी आहे! करडगी म्हणजे लिंगायतांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची डबी. काही लोक मला दागिना समजतात. छे! दागिना पेटीत झोपतो, मी माणसाच्या छातीवर जागी असते. काळजाचे ठोके मोजायला मला कुणी शिकवलं नाही, पण ते बिघडले की पहिल्यांदा मलाच कळतं.

कल्याणी गावच्या एका सोनारानं मला ठोकून ठोकून घडवलं. झाकण नीट बसेना तेव्हा तो माझ्यावर असा चिडला, जणू मीच मुद्दाम फुगून बसले होते. पुढं मी गौरम्मा नावाच्या बाईच्या गळ्यात गेले. ती वारली तेव्हा रीतीप्रमाणं तिचं लिंग तिच्यासोबत मातीत गेलं आणि मी मागं राहिले. रिकामी डबी किती पोरकी असते, ते मला तेव्हा कळलं. मग तिच्या नातीचं लग्न ठरलं. नातीचं नाव महानंदा. तिचं लिंग माझ्यात आलं, नवा दोरा आला, आणि मी तिच्या गळ्यातून निजामाच्या राज्यातल्या आळंदला सासरी आले.

नवरा सिद्धप्पा तुरीचा व्यापार करायचा. स्वभावानं गरीब, बोलायची वेळ आली की आईच्या तोंडाकडं बघायचा. आई म्हणजे गुरुबाई. तिची जीभ ठेच्यासारखी, पण हात तुपासारखा. तिला एका गोष्टीचा फार अभिमान होता. "आमच्यात विटाळ न्हाई," ती शेजारच्या सोजराबाईला ऐकवायची. "आमची सून चारी दिवस चुलीपुढं असती, पूजेला असती. तुमच्यासारखं परसात कोपऱ्यात बसवत न्हाई आमी."

सोजराबाई शेतकऱ्याच्या घरची. ती परसातूनच उत्तर द्यायची, "व्हय गं अक्का, पर आमाला कोपऱ्यात का व्हईना, बसाया तरी मिळतंय!"

दोघी हसायच्या. महानंदा मात्र हसायची नाही. कारण त्या चार दिवसांत तिच्या पोटात जणू कुणी दोर पिळून काढायचं. ती जात्यावर बसायची, भाकऱ्या थापायची, आणि कळ आली की एका हातानं मला घट्ट धरायची. माझा दोरा बोटाला गुंडाळून ओढायची. विटाळ नाही हे चांगलंच होतं, मित्रांनो. पण विसावाही नाही, असं कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आपोआपच तसं ठरून गेलं होतं.

दोरे झिजायला लागले. गुरुबाई नवा दोरा देताना म्हणायची, "दोरा खातीस का काय गं? इतक्यात कामून तुटायला आला?"

"काय की अत्ती," महानंदा सासूला म्हणायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मंठाळ गावचे पाहुणे आले की सिद्धप्पाच्या दुसऱ्या लग्नाचं कुजबुजायचे. त्या कुजबुजीनं महानंदाचे ठोके कसे धावायचे, ते मी सांगायला नको.

एके दिवशी जात्यावरच कळ आली. महानंदानं मला इतकं ओढलं की दोरा तुटला. ती एका बाजूला कोसळली आणि मी दुसऱ्या बाजूला पिठात पडले.

आता हसू नका, पण लिंग अंगावरून पडणं म्हणजे आमच्या घरात आकाश कोसळण्यासारखं. गुरुबाई धावली, आणि धावली ती माझ्याकडं! मला उचललं, कपाळाला लावलं, पीठ पुसलं. मग तिनं मागं वळून बघितलं. सून पोट आवळून तशीच पडली होती, घामानं भिजलेली.

"आगं, काय व्हायलंय तुला?"

सोजराबाई भिंतीवरून डोकावली. "आत्ता इचारायलीस व्हय? दर महिन्याला ह्याच दिवसांत तिचं असं व्हतंय. मी परसात बसलेली असते तवा मला दिसतंय की. मला वाटलं तुला ठाऊक हाय."

गुरुबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारून मला पुन्हा तिच्या गळ्यात बांधलं.

मोटारीनं आम्ही सोलापूरकडं निघालो. तिकडं बायकांचा एक दवाखाना होता. सरहद्दीवर निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागला. शिपायानं माझ्याकडं बोट केलं. "ये चांदी किधर ले जा रहे अम्मा?"

"चांदी न्हाई, देव हाय," गुरुबाई कडाडली. "देवावर जकात हाय का तुमच्या सरकारात?" शिपायानं गुपचूप दांडा वर केला. एवढ्या दुखण्यातही महानंदा हसली. तो ठोका मी जपून ठेवला आहे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सगळ्यांना समोर बसवलं. "गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात," त्या म्हणाल्या. "गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच अस्तर हिच्या बीजकोशावर रुजलं असावं. दर महिन्याला तेही पाझरतं. पण त्या रक्ताला बाहेर वाट नाही. ते साठतं, काकवीसारखं काळं आणि घट्ट होतं. त्याची गाठ बनते. पोट उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण माझा अंदाज हाच आहे."

"सुई घालून काढा की ती काकवी," सिद्धप्पा म्हणाला.

"काढता येईल. पण गाठीची पिशवी आतच राहिली तर पुन्हा भरेल. दुसरा उपाय म्हणजे पिशवीच सोलून काढायची आणि बीजकोश राखायचा. भाजलेल्या वांग्याची साल काढतो तसं."

गुरुबाई लगेच सरसावली. "सालीला गर चिकटून येतो की."

"बरोबर! थोडा चांगला भाग जातोच. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. गाठीनं बीजकोश पार खाल्ला असेल तर तो अख्खाच काढावा लागतो. एक काढला तरी दुसऱ्यावर मूल होऊ शकतं. शेवटचा उपाय, दोन्ही बीजकोश आणि गर्भाशय काढायचं. त्यानं दुखणं बहुतेक कायमचं जाईल, पण मूल होणार नाही, आणि ऐन तरुणपणी पाळी थांबेल."

"तुमाला बरं दिसंल ते करा," सिद्धप्पा म्हणाला.

"मी हिला विचारते आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महानंदानं मला मुठीत धरलं. "एक तरी ऱ्हाऊ द्या बाई. दुखणं परत आलं तर मी परत येईन. पर सगळं नका काढू."

"वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "पण शब्द लक्षात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, मग माझ्याकडं हात नेला. गुरुबाई मध्ये आली. "लिंग अंगावरून उतरत न्हाई!"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. लिंग उकळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून महानंदाच्या दंडाला बांधलं. अंगावरचं लिंग अंगावरच राहिलं. मी मात्र उतरले. रिकामी, गुरुबाईच्या हातात. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं.

मित्रांनो, मला वाटलं होतं की महानंदाइतकं घट्ट मला कुणीच धरू शकणार नाही. पण बाकावर बसून गुरुबाईनं माझा दोरा बोटाला गुंडाळला आणि ओढला. अगदी तसाच! मग एकदम तिनं मूठ उघडली. झिजलेल्या दोऱ्याकडं बघत राहिली.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंची मदतनीस बाहेर आली. "डावा बीजकोश गाठीनं पार खाल्लाय, आतड्याला चिकटलाय. तो काढतोय. उजव्यावरही लहान गाठ आहे. ती सोलून बीजकोश राखायचा, की एकदाच सगळं काढायचं? राखला तर पुढं कधी पुन्हा पोट उघडावं लागेल. बाईंनी घरच्यांना विचारायला सांगितलंय."

सिद्धप्पाचा चेहरा पांढरा पडला. "सगळंच काढा," तो म्हणाला. "ती जगली पायजे. परत परत कापाकापी नको." त्यात माया होती, हे मी शपथेवर सांगेन. सवयीप्रमाणं त्यानं आईकडं बघितलं.

गुरुबाई उठली. "सिद्ध्या, गप ऱ्हा. जिवाला धोका हाय का उजव्यानं?"

"आत्ता तरी नाही."

"मग तिला इचारलं व्हतं न्हवं तुमी? ती म्हणली तेच करा. पोट तिचं हाय. इतकी वर्सं आमी कुणी इचारलं न्हाई, आता इचारून झाल्यावर आमीच बदलायचं व्हय?" आणि जाणाऱ्या बाईला तिनं हाक मारली, "आणि साल सावकाश काढा म्हणावं!"

महानंदा शुद्धीवर आली तेव्हा तिचा पहिला शब्द होता, "काय ऱ्हायलं?"

"उजवं ऱ्हायलं, पोरी," गुरुबाई म्हणाली. दंडाचं लिंग तिनं माझ्यात ठेवलं आणि नव्या दोऱ्यानं मला सुनेच्या गळ्यात बांधलं.

घरी परतल्यावर दुखणं बरंच ओसरलं. एखाद्या महिन्यात थोडी कळ यायची. तेव्हा गुरुबाई भर अंगणात ओरडायची, "महानंदा, दुखायलंय का? ऊठ जात्यावरून!" पूजेला महानंदाच असायची, पण जात्यावर सासू बसायची. सोजराबाई भिंतीवरून म्हणाली, "अक्का, आता तूबी सुनेला बसवायलीस की!"

"कोपऱ्यात न्हाई, पलंगावर!" गुरुबाई म्हणाली.

आणि मूल? बघा, विचारलंतच ना! मंठाळचे पाहुणेही दारात पाऊल ठेवताच तेच विचारायचे. ते सांगायचा हक्क माझा नाही, महानंदाचा आहे. तुम्ही तिलाच विचारा. पण आधी दुसरं काहीतरी विचारा: दुखतंय का?

तुमच्याही घरात कुणी आई, ताई, काकी असेल. दर महिन्याला तिचा हात कशाला तरी घट्ट धरत असेल, पदराला, उंबऱ्याला, चुलीच्या कडेला. त्या निर्जीव वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण त्यांना माझ्यासारखं बोलता येत नाही. म्हणून मित्रांनो, दोरा तुटायची वाट बघू नका. आणि तुटलाच, तर आधी डबीकडं धावू नका.