गादीवाल्याच्या घरची खुर्ची

मित्रांनो, मी एक म्हातारी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून घडवले. पाठ ताठ, बैठक कडक आणि हात मुळीच नाहीत. गादीवाल्याच्या घरी राहूनही मला कधी गादी मिळाली नाही, याचे मला हसू येई.

काका दुकानात गाद्या भरत आणि काकू माझ्यावर बसून खोळी शिवत. पुढे काकूंना रक्ताचा आजार जडला. स्टेम सेल प्रत्यारोपण करायचे ठरले. त्याआधीची औषधे फार कडक असतात, अंगात ताकद असेल तरच ती झेपतील, असे डॉक्टरांनी बजावले. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी रोज चालायला आणि आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितले.

काकूंचे पाय लटपटत. काकांना ते बघवेना. त्यांनी माझ्यावर एक छोटी गादी ठेवली आणि काकूंच्या नकळत तिच्यात रोज कापूस भरत गेले. बैठक उंच झाली, काकू पटकन उठू लागल्या.

"बघ, किती ताकद आली!" काका म्हणत.

काकू खूश होत्या. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. ताकद पायांत नव्हती, कापसात होती. पण सांगणार कशी? मी जोरजोरात करकरले, तर काकांनी माझ्या सांध्यांत तेल सोडले!

एके दिवशी काकू तपासणीहून रडवेल्या होऊन परतल्या. दवाखान्यातल्या साध्या खुर्चीतून त्यांना उठताच आले नव्हते. प्रत्यारोपण पुढे ढकलले होते.

"चूक माझी आहे गं," काका खाली मान घालून म्हणाले. "गादीत रोज कापूस भरत होतो मी."

"अहो, गिऱ्हाइकाला तरी कधी असं फसवलंत का?" काकू म्हणाल्या.

त्याच दिवशी गादी गेली. पायांत खरी ताकद येईपर्यंत आजार दम धरेल ना, अशी धास्ती घराला लागली. काकू घामाघूम होत, पण उठत. अखेर पाय भरवशाचे झाले आणि त्या दवाखान्यात दाखल झाल्या. मी कोपऱ्यात धूळ खात उभी राहिले. फोन वाजला की माझ्या चारही पायांत कापरे भरे.

काकू परतल्या तेव्हा डोक्यावर केस नव्हते, तोंडावर मास्क होता. त्या बसल्या, तर अंगावर कुणी नुसती शाल टाकावी इतक्या हलक्या वाटल्या. त्यांना उठवेना. काकांचा चेहरा पडला.

"आता थोडी उंची चालेल," ताई म्हणाल्या. "पण कापूस नको, धूळ बाधेल. धुतलेल्या चादरी घड्या करून ठेवा आणि झेपेल तशी एकेक काढा."

"आणि लपवाछपवी नको!" काकूंनी दम भरला.

काका दुकानातून आले की आधी आंघोळ करत. एकेक चादर काढताना त्यांचे हात घुटमळत. मध्येच काकूंना ताप आला, व्यायाम थांबला, आणि आम्ही सगळे पुन्हा हवालदिल झालो. ताप उतरला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

शेवटची चादर काकूंनी स्वतःच ओढली. त्या माझ्या उघड्या लाकडावर बसल्या. काकांचे हात आपोआप पुढे झाले.

"हात मागं घ्या."

काकांनी हात पाठीमागे धरले. काकू पुढे झुकल्या. त्यांचे गुडघे थरथरले. मला फार भीती वाटली. आणि माझ्यावरचा भार उतरला. काकू उभ्या होत्या! काका मात्र मटकन माझ्यावर बसले आणि रडू लागले.

मित्रांनो, आपल्या माणसाला जरूर जपा. पण ते उठू पाहत असेल, तर त्याला उठू द्या. आणि माझा एक पाय सैल झाला आहे, तेवढा खिळा कुणीतरी मारा. काकूंना उद्याही उठायचे आहे.